प्रश्न कसा विचारला होता?
(प्रस्तावना)

दुष्काळी कामं बंद होऊन वर्ष झालं असेल. माण तालुक्यातल्या एका गावात मी एका पाहणीची अन्वेषक म्हणून दारोदार हिंडत होते. वय बावीस, खांद्याला शबनम, हातात सायक्लोस्टाइल केलेली अनुसूची. एका घराच्या ओट्यावर एक बाई टेकल्या होत्या. शेजारी खुरपं, नखांत माती, लुगड्याला चिकटलेली कुसळं. मी छापलेला प्रश्न होता तसा वाचला, ‘‘मावशी, तुम्ही काही काम करता का?’’

‘‘न्हाय बाई. मी घरीच असती.’’

मी रकान्यात ‘गृहिणी’ असं लिहिलं आणि पुढच्या घरी गेले.

संध्याकाळी शाळेच्या खोलीत कंदिलापाशी अनुसूच्या तपासताना आमच्या पर्यवेक्षकांनी माझा गठ्ठा बाजूला काढला. गावातल्या जवळजवळ सगळ्या बायका माझ्या कागदावर गृहिणी झाल्या होत्या. ‘‘मग सकाळी एस्टीतून उतरलो तेव्हा बाजरीत वाकलेल्या दिसत होत्या, त्या कोण?’’ मी गप्प. मग त्यांनी विचारलं, ‘‘प्रश्न कसा विचारला होता?’’

दुसऱ्या दिवशी त्याच ओट्यावर जाऊन मी विचारलं, ‘‘मावशी, काल उठल्यापासून निजेपर्यंत काय काय केलंत?’’ मावशींनी बोटांवर मोजत सांगायला सुरुवात केली. पहाटे पाणी, शेण, भाकऱ्या, स्वतःच्या रानात खुरपणी, दुपारनंतर चुलत जावेच्या रानात सावडीनं, म्हणजे आळीपाळीनं एकमेकींच्या रानात राबायचं तशी, खुरपणी, येताना शेळ्यांना पाला. सावडीला मजुरी नसते, म्हणून त्यांच्या लेखी ते काम नव्हतं. आणि आमच्या अनुसूचीत तर सावडीला रकानाच नव्हता.

पुढे पन्नास वर्षं मी संशोधन पद्धती हा विषय शिकवला, पण त्या कंदिलापाशी जे कळलं त्यापेक्षा फार जास्त काही शिकवता आलं असं वाटत नाही. जी चूक मी एका गावात केली ती देशाच्या पातळीवरही होते, हे नंतर जनगणनेचे खंड चाळताना लक्षात आलं. १९६१ ते १९७१ या दहा वर्षांत भारतातल्या काम करणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण कागदावर जवळजवळ निम्म्यावर आलं. बायकांनी खुरपी टाकून दिली नव्हती. १९७१ मध्ये व्यक्तीचा मुख्य व्यवसाय कोणता, असं विचारलं गेलं आणि बायकांनी, किंवा त्यांच्या वतीनं उत्तर देणाऱ्या पुरुषांनी, घरकाम असं सांगितलं. १९९१ च्या जनगणनेत प्रश्नाच्या पुढे कंसात काही शब्द घातले गेले : शेतावरचं किंवा घरच्या धंद्यातलं बिनमोबदल्याचं काम धरून. त्या कंसासाठी स्त्री-चळवळीतल्या आणि संशोधनातल्या कितीतरी जणींना भांडावं लागलं होतं.

हे पुस्तक एम.ए.च्या विद्यार्थ्यांसाठी आहे. माझ्या दोन जुन्या विद्यार्थ्यांनी ते लिहिलं आहे; दोघंही आता स्वतः शिकवतात, एक समाजशास्त्र, दुसरी अर्थशास्त्र. महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रम नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे बसवले गेले, आणि पहिल्याच सत्रात संशोधन पद्धती हा चार श्रेयांकांचा विषय प्रत्येकाच्या वाट्याला आला. पुढच्या सत्रांत क्षेत्र प्रकल्प, संशोधन प्रकल्प. पीएच.डी.ला जाणाऱ्याला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार किमान बारा श्रेयांकांचं कोर्सवर्क आहेच. एम.फिल. बंद झालं. म्हणजे पूर्वी जे थोड्यांना करावं लागायचं ते आता सगळ्यांना करावं लागतं, आणि करून घेणारे शिक्षक तेवढेच आहेत. बऱ्याच महाविद्यालयांत हा विषय ज्याच्याकडे तास कमी भरतात त्याच्या गळ्यात पडतो. मग वर्गात व्याख्या उतरवून घेतल्या जातात. संशोधनाचे प्रकार, त्यांची वैशिष्ट्यं, गुण आणि दोष. प्रश्नावलीचे सात फायदे, मुलाखतीचे सहा तोटे. मुलं पास होतात आणि प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात तेच फायदे-तोटे पुन्हा उतरतात.

या दुसऱ्या प्रकरणाबद्दल माझी जुनी तक्रार आहे. बहिःस्थ परीक्षक म्हणून मी शेकडो प्रबंध वाचले. विषय बदलला म्हणून ‘संशोधन पद्धती’ हे प्रकरण बदललं, असं क्वचितच झालं. येवल्याच्या पैठणी विणकरांवरचा प्रबंध असो की नगरपालिकेच्या महसुलावरचा, यादृच्छिक नमुना निवडीची व्याख्या तीच, तिच्याखाली त्याच पाश्चात्त्य लेखकाचं नाव, आणि त्यानंतर ‘सदर संशोधकाने सोयीनुसार नमुना निवडला आहे’ हे एक वाक्य. येवल्यात कोणत्या गल्लीत गेलात, कोणत्या दारावरून परत आलात, मागावर बसलेल्या माणसाशी बोललात की दुकानाच्या गादीवरच्या शेटजींशी, हे सांगायची जागा तीच होती. तिथे व्याख्या बसवली होती.

मराठीत शिकणाऱ्याची आणखी एक अडचण आहे आणि ती शब्दांची आहे. हायपॉथेसिसला आपण ‘गृहीतक’ म्हणतो. परिकल्पना हा शब्द आहे, परिभाषा कोशांत अभ्युपगमही सापडतो, पण रुळलं ते गृहीतक. आता मराठी माणूस एखादी गोष्ट गृहीत धरतो म्हणजे काय करतो? ती खरी मानून पुढे चालतो. तिची चौकशी करत नाही. नेमकं हेच आमच्या प्रबंधांत होतं. गृहीतक मांडलं जातं, गृहीत धरलं जातं आणि शेवटी ‘वरील विवेचनावरून गृहीतक सिद्ध होते’ असं लिहून मोकळं होता येतं. आयुष्यात गृहीतक फसलेला प्रबंध मी तीनदा पाहिला आणि तिन्ही वेळा मार्गदर्शकांच्या चेहऱ्यावर सुतक होतं. वास्तविक ज्या दिवशी गृहीतक फसतं त्या दिवशी काहीतरी कळलेलं असतं. या पुस्तकाच्या लेखकांनी सबंध पुस्तकभर ‘परिकल्पना’ वापरला आहे. मी सुरुवातीला कुरकुरले, आता मला पटलं आहे.

‘नमुना’ हा शब्द मात्र फार बोलका आहे. धान्याच्या पेठेत आडत्या पोत्यात बांबू खुपसून मूठभर दाणे काढतो, तो नमुना. बांबू वरवर खुपसला तर काय होतं हे शेतकऱ्यालाही ठाऊक असतं आणि आडत्यालाही. शितावरून भाताची परीक्षा करता येते, कारण सगळा भात एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो. गाव तसं शिजलेलं नसतं. चावडीजवळचं शीत वेगळं, वाडीवस्तीवरचं वेगळं. ज्याला रस्त्यालगतची दहा घरं करून दुपारची एस्टी गाठायची आहे त्याच्या हाती फक्त वरचा थर लागतो.

इथे मला ३८४ या आकड्याबद्दल बोललंच पाहिजे. अलीकडे आमच्या विद्यापीठांत त्याला मंत्राचं स्थान आलं आहे. कुठलाही शोधनिबंध उघडा, नमुना ३८४. हा आकडा येतो कुठून? ९५ टक्के विश्वास पातळी, पाच टक्क्यांची चूक चालेल, आणि लोकसंख्येत एखादी गोष्ट असण्या-नसण्याचं प्रमाण निम्मं-निम्मं आहे असं मानलं, की १.९६ चा वर्ग गुणिले ०.२५ भागिले ०.०५ चा वर्ग. उत्तर ३८४.१६. गणित बिनचूक आहे. पण त्यात एक अट आहे : प्रत्येक माणसाला निवडलं जाण्याची सारखी संधी हवी. व्हॉट्सॲपच्या गटांवर गूगल फॉर्म फिरवून ३८४ प्रतिसाद जमवले, तर हे सूत्र त्यांच्याबद्दल काहीही बोलत नाही. आकडा आला, अट मागे राहिली. एका विद्यार्थ्याला मी विचारलं, तीनशे त्र्याऐंशी असते तर? तो म्हणाला, ‘‘मॅडम, मग मी स्वतःच एक भरला असता.’’ प्रामाणिक मुलगा.

आपल्याकडे या विषयाची परंपराच नाही आणि सगळं बाहेरून आणावं लागतं, अशी समजूत वर्गात फार आढळते. पुण्याजवळचं पिंपळे सौदागर आज उंच इमारतींनी आणि आयटीतल्या लोकांनी भरलं आहे. तिथे राहणाऱ्या किती जणांना माहीत असेल की भारतातल्या सुरुवातीच्या गाव-पाहण्यांपैकी एक याच गावाची आहे? पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी ती केली आणि १९१७ मध्ये प्रसिद्ध केली. १७७१ मध्ये गावातली सरासरी शेतधारणा चाळीस एकर होती, १९१५ च्या सुमाराला ती सातवर आली होती. १५६ खातेदारांच्या जमिनीचे ७२९ तुकडे होते आणि त्यातले ४६३ एकराच्याही आतले. तुकडेवारीवर तेव्हा सगळीकडे चर्चा चालू होतीच, तिला हे आकडे मिळाले.

पुढच्याच वर्षी, १९१८ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातल्या लहान शेतधारणांवर लेख लिहिला. अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्यानं तो पद्धतीचा धडा म्हणून वाचावा, असं मी हट्टानं सांगत आले आहे. मानांनी मोजलेल्या एकरांशी बाबासाहेबांचं भांडण नाही. ते विचारतात, धारणा ‘लहान’ आहे हे तुम्ही कशावरून म्हणता? मान आणि मुंबई इलाख्याचे शेतकी संचालक कीटिंग यांच्या मते जी शेती कुटुंबाला नीट पोसते ती किफायतशीर. बाबासाहेबांचा आक्षेप असा की ही मोजपट्टी खाणाऱ्याच्या बाजूनं लावलेली आहे. शेती हा उत्पादनाचा धंदा आहे. जमीन कमी की जास्त, हे तिच्यावर लावलेलं भांडवल, अवजारं, मनुष्यबळ यांच्या प्रमाणात ठरवायला हवं. बैल-औतच अपुरं असेल तर दोन एकरही मोठे ठरतील. एकदा मोजपट्टी बदलली की रोगाचं निदान बदललं आणि उपायही बदलला. तुकडे जोडण्याच्या कायद्याऐवजी शेतीवरचा माणसांचा भार उद्योगांकडे वळवण्याची भाषा आली. आकडे होते तेच राहिले. ‘संकल्पनेचं कार्यात्मक व्याख्येत रूपांतर’ असं पाठ्यपुस्तकात ज्याला म्हणतात आणि मुलं ज्या पानावर जांभया देतात, त्याचा याहून चांगला नमुना मला तरी माहीत नाही.

मानांनी स्वतः पुढे आपले सहकारी कानिटकर यांना घेऊन जातेगाव बुद्रुकची पाहणी केली, ती १९२१ मध्ये आली. पहिलं गाव पुणे-खडकीला चिकटलेलं. दुसरं शहरापासून लांबचं, कोरडवाहू. एका गावावरून दख्खन सांगता येत नाही, याची जाणीव त्या निवडीतच आहे.

१९३० मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली आणि धनंजयराव गाडगीळांनी पुणे शहरापासून वाई तालुक्यातल्या शेतीपर्यंत पाहण्यांची रांग लावली. त्या संस्थेतून वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा दारिद्र्यावरचा अभ्यास १९७१ मध्ये आला. रोजचे २२५० उष्मांक मिळतील एवढा खर्च ही रेषा. १९६०-६१ च्या किमतींनी ग्रामीण भागात माणशी वर्षाला १८० रुपये, शहरात २७०. या रेषेखाली ग्रामीण भागातले सुमारे चाळीस टक्के आणि शहरातले जवळपास पन्नास टक्के लोक होते. यावर साताऱ्याच्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे उभे राहिले. त्यांचं म्हणणं, एकाच निरोगी माणसाची गरज दिवसागणिक कमी-जास्त होते, शरीर त्याच्याशी जुळवून घेतं. तेव्हा सरासरी गरजेखालचा प्रत्येक जण उपाशी धरणं चूक. रेषा सरासरीच्या बरीच खाली, दोन प्रमाण विचलनं खाली, ओढा. दांडेकरांनी ते मानलं नाही. हा वाद वर्षानुवर्षं चालला. दोघंही पुण्यातच राहत होते, आणि दोघांपैकी कोणाची रेषा घ्यायची यावर कोट्यवधी माणसं गरिबांत धरली जाणार की नाही हे ठरत होतं. ‘हा विषय फार तांत्रिक आहे हो’ असं म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला मी हा वाद वाचायला देते.

सुखात्म्यांचं आणखी एक काम मला जास्त आवडतं, कारण ते अगदी मातीतलं आहे. पिकाचा अंदाज काढायला शेतात एक छोटा तुकडा आखून तेवढंच कापून तोलायचं, ही पीककापणीची रीत. तुकडा किती मोठा घ्यायचा? संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबीस लहान तुकड्यांच्या बाजूचे होते, काम झपाट्यानं होतं म्हणून. सुखात्म्यांनी प्रयोगांनी दाखवलं की तुकडा जितका लहान तितका उत्पादनाचा अंदाज फुगतो. १९४६ मध्ये ‘नेचर’मध्ये ते छापून आलं. कारण साधं आहे. तुकडा लहान झाला की क्षेत्राच्या मानानं कड वाढते, आणि कडेवरचं ताट आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा विळा ते आत ओढतो. त्यात लबाडी नाही. हात तसाच जातो. सर्वेक्षणातली बहुतेक चूक अशीच असते, कडेवरची आणि प्रामाणिक.

तसंच १९९९-२००० च्या राष्ट्रीय नमुना पाहणीचं. त्या ५५ व्या फेरीत अन्नावरच्या खर्चाबद्दल एकाच कुटुंबाला एकाच बैठकीत गेल्या सात दिवसांचं आणि गेल्या तीस दिवसांचं असं दोन्ही विचारलं गेलं, शेजारशेजारच्या रकान्यांत. माणूस दोन उत्तरं एकमेकांशी जुळवून देणारच. घराघरातल्या बाईनं मनातल्या मनात आठवड्याला चारानं गुणलं असणार. १९९३-९४ मध्ये ३६ टक्के असलेलं दारिद्र्य या फेरीत २६.१ टक्के दिसलं. गरिबी खरंच इतकी घटली की रकान्यांनी घटवली, यावर देशातले आणि परदेशातले अर्थतज्ज्ञ पुढे कित्येक वर्षं खल करत बसले. माणमधल्या माझ्या रकान्याची मला तेव्हा फार आठवण झाली.

आकड्यांविषयी एवढं लिहिलं म्हणून गुणात्मक पद्धतींना मी कमी लेखते असं नव्हे. त्यांची जबाबदारी फक्त जास्त अवघड आहे. ‘केस स्टडी केली’ म्हणजे तीन माणसांशी अर्धा-अर्धा तास बोलून आले, हा समज या पुस्तकानं खोडला तरी पुरे. मानवशास्त्रज्ञ इरावतीबाई कर्वे एकीकडे दांडेकरांबरोबर महाराष्ट्रातल्या लोकांची शरीरमापनं करत होत्या आणि दुसरीकडे ‘वाटचाल’सारखा वारीवरचा लेख लिहीत होत्या. एकाच दिंडीत चालणारे, एकच अभंग म्हणणारे ब्राह्मण आणि मराठा वारकरी जेवायला मात्र वेगळे बसतात, हे त्यांनी पाहिलं. त्या पलीकडच्या पंक्तीत जाऊन जेवल्या, तेव्हा कुठे तिकडच्या बायका मोकळ्या झाल्या. याला आपण ‘सहभागी निरीक्षण’ असं नाव देतो आणि त्याचे चार फायदे लिहितो. पंक्ती ओलांडायची की नाही, ओलांडली तर आपण मागे काय सोडून आलो आणि आपल्याला जे सांगितलं गेलं ते कोणाच्या भरवशावर, हे त्या चार फायद्यांत येत नाही.

जरा वेगळी पण याच जातीची गोष्ट म्हणजे म्हैसूरजवळच्या रामपुऱ्याची. मुंबईत समाजशास्त्रज्ञ घुर्यांच्या हाताखाली शिकलेले एम. एन. श्रीनिवास यांनी १९४८ मध्ये तिथे राहून टिपणं काढली. एप्रिल १९७० मध्ये ते स्टॅनफर्डला असताना तिथे आग लावली गेली आणि त्या टिपणांच्या तिन्ही प्रती जळाल्या. मग त्यांनी आठवणीतून पुस्तक लिहिलं, १९७६ मध्ये ते आलं. मुलांना ही गोष्ट फार आवडते आणि त्यातून ती भलताच निष्कर्ष काढतात, की टिपणं नसली तरी चालतं. श्रीनिवासांना आठवलं, कारण त्यांनी ते आधी लिहून काढलं होतं आणि वर्षानुवर्षं त्या कागदांवर काम केलं होतं. अर्थात तुमच्याकडे तीन प्रती असतील तर त्या एका इमारतीत ठेवू नका, हाही एक धडा आहेच.

संख्याशास्त्राची प्रकरणं लेखकांनी चांगली लिहिली आहेत. त्यांत माझी भर नको. लायकर्ट मापनश्रेणीवरचं प्रकरण मात्र मुद्दाम वाचा. १९३२ मध्ये रेन्सिस लायकर्टनं मांडलेल्या या पाचपायरी श्रेणीचं आपण ‘पूर्णतः सहमत’ पासून ‘पूर्णतः असहमत’ पर्यंत भाषांतर केलं आणि ते गावोगाव नेलं. रोजगार हमीच्या कामाबद्दल तुम्ही कितपत समाधानी आहात, असं विचारल्यावर धुळे जिल्ह्यातला एक गृहस्थ माझ्या विद्यार्थिनीला म्हणाला, ‘‘चाललंय.’’ आता हे चाललंय तीनवर घालायचं की चारवर? तिनं चार घातलं, कारण तो हसला होता. लेखकांनी या प्रकरणात ‘बरं आहे’, ‘चाललंय’, ‘आता काय सांगायचं’ आणि ‘तुम्ही म्हणाल तसं’ या चार उत्तरांवर दोन पानं खर्च केली आहेत. मला ती पुस्तकातली सर्वांत मोलाची पानं वाटतात. ‘तुम्ही म्हणाल तसं’ हे तर सहमतीचं उत्तरच नाही. ते विचारणाऱ्याच्या चपलांकडे पाहून दिलेलं असतं.

एका बाबतीत मात्र माझं आणि लेखकांचं जमलं नाही. प्रबंधाला प्रश्नावली जोडताना ती ज्या भाषेत विचारली त्या भाषेत जोडावी, असा माझा आग्रह. आमचा विद्यार्थी अहिराणीत विचारतो, प्रमाण मराठीत उतरवतो, इंग्रजीत कोड करतो आणि परिशिष्टात इंग्रजी प्रश्नावली लावतो. मधल्या तीन उड्यांचा कागदावर पत्ता नाही. लेखक म्हणाले, विद्यापीठाच्या नमुन्यात हे बसत नाही, मुलांचं नुकसान होईल. त्यांचंही खोटं नाही. शेवटी तडजोड म्हणून पुस्तकाच्या अखेरीस एक परिशिष्ट घातलं आहे. त्यात दोन रकाने आहेत. डावीकडे ‘छापलेला प्रश्न’, उजवीकडे ‘प्रत्यक्ष विचारला तो प्रश्न’. उजवा रकाना कोरा आहे. तो त्याच ओट्यावर बसून भरायचा, आणि पेन्सिलीनं भरायचा. उन्हाळ्यात घामाच्या हाताखाली जेल पेनची शाई फिसकटते आणि रात्री आपलंच अक्षर आपल्याला लागत नाही.